स्तनाचा कर्करोग: प्रश्न विचारणाऱ्या स्त्रियांचा इतिहास

आज एखाद्या स्त्रीच्या हाताला स्तनात गाठ लागली, तर पुढचा क्रम साधारण ठरलेला असतो. डॉक्टर हाताने तपासतात. मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी होते. जाड सुईने गाठीचा छोटा तुकडा काढून तो पॅथॉलॉजिस्टकडे पाठवला जातो. काही दिवसांनी रिपोर्ट येतो. कर्करोग निघालाच, तर रुग्ण आणि घरची माणसे डॉक्टरांसमोर बसतात, स्तन वाचवता येईल का यावर बोलणे होते आणि मगच शस्त्रक्रियेची तारीख ठरते.

हा क्रम आपल्याला इतका साहजिक वाटतो, की तो पूर्वीपासून असाच असेल असे आपण धरून चालतो. पन्नास वर्षांपूर्वी अमेरिकेसारख्या प्रगत देशातही तो असा नव्हता. गाठ आहे म्हणून स्त्रीला भूल दिली जायची. जाग आल्यावर छातीवरचे जाड बँडेज पाहून तिला कळायचे, की आपल्याला कर्करोग होता आणि आता आपला स्तन नाही.

हे बदलले त्यात सर्जन आणि संशोधकांचा वाटा मोठा आहे. पण तेवढाच वाटा काही अशा स्त्रियांचा आहे, ज्यांच्याकडे वैद्यकीय पदवी नव्हती आणि ज्यांना या कामाचा पगारही मिळत नव्हता. त्या रुग्ण होत्या आणि स्वयंसेवक म्हणून झगडल्या. आजचा लेख त्यांच्याविषयी आहे. यातला बराच भाग अमेरिकेत घडतो, कारण ही चळवळ तिथे जोमाने उभी राहिली. शेवटी आपण आपल्याकडेही येऊ.

हालस्टेड यांची शस्त्रक्रिया

विल्यम हालस्टेड हे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले अत्यंत कुशल सर्जन. १८९४ साली त्यांनी ५० रुग्णांवर केलेल्या शस्त्रक्रियांचा अहवाल प्रसिद्ध केला. संपूर्ण स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या लसीकाग्रंथी असे सगळे एकत्र काढून टाकायचे, अशी ही पद्धत होती.

त्यामागचा विचार त्या काळाला धरून होता. कर्करोग एका बिंदूपासून सुरू होऊन पाण्यावरच्या तरंगासारखा टप्प्याटप्प्याने बाहेर पसरतो, असे मानले जायचे. मग जितका मोठा भाग काढू तितका रुग्ण सुरक्षित. त्या काळात स्त्रिया फार मोठ्या, कधी त्वचा फोडून बाहेर आलेल्या गाठी घेऊन यायच्या. अशा रुग्णांमध्ये गाठ त्याच जागी पुन्हा उगवण्याचे प्रमाण या शस्त्रक्रियेने खूपच कमी झाले. म्हणून हालस्टेड यांना खलनायक ठरवणे बरोबर नाही.

अडचण पुढे आली. रुग्ण लहान गाठी घेऊन येऊ लागले, तरी शस्त्रक्रिया तीच राहिली. छातीचा स्नायू गेल्याने बरगड्यांवर नुसती कातडी उरायची, खांदा आखडायचा आणि अनेक जणींचा हात कायमचा सुजायचा. एवढी किंमत मोजून आयुष्य खरोखर वाढते का, हे तुलना करून कुणी नीट तपासले नव्हते. लंडनमध्ये जेफ्री केन्स यांनी १९२० च्या दशकापासून फक्त गाठ काढून रेडियमचे उपचार दिले. अमेरिकेत जॉर्ज क्राइल (धाकटे) यांनीही लहान शस्त्रक्रियेचा आग्रह धरला. पण बहुतेक सर्जनांनी त्यांच्याकडे दुर्लक्ष केले.

याला जोड मिळाली फ्रोझन सेक्शन या तंत्राची. गाठीचा तुकडा गोठवून काही मिनिटांत सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येऊ लागला. त्यामुळे गाठ काढणे, निदान करणे आणि स्तन काढणे हे सगळे एकाच भुलेत उरकण्याची पद्धत पडली. दोनदा भूल द्यावी लागत नाही आणि वेळ वाया जात नाही, असे त्याचे समर्थन होते. स्त्री टेबलावर जाण्याआधीच दोन्हींच्या संमतीवर सही करायची. जो निर्णय तिच्या शरीराबद्दल होता, तो होताना ती बेशुद्ध असायची.

धीर देणाऱ्या स्वयंसेविका

या क्षेत्रात स्त्रियांचे स्वयंसेवी काम त्याआधीच सुरू झाले होते. १९३६ साली अमेरिकेतल्या कर्करोग नियंत्रण संस्थेने ‘विमेन्स फील्ड आर्मी’ नावाचे स्त्रियांचे दल उभारले. गणवेश घालून या स्वयंसेविका घरोघर आणि महिला मंडळांत जायच्या, कर्करोगाबद्दल बोलायच्या आणि निधी गोळा करायच्या. ‘वेळ घालवू नका, लवकर दाखवा’ हा त्यांचा संदेश. ज्या आजाराचे नाव घ्यायलाही लोक कचरायचे, त्याच्याबद्दल उघड बोलणे ही त्या काळात मोठीच गोष्ट होती. मात्र दवाखान्यात गेल्यावर कोणता उपचार व्हावा, हा प्रश्न त्या विचारत नव्हत्या.

दुसरे पाऊल न्यूयॉर्कच्या टेरीस लासर यांचे. १९५२ साली त्यांच्यावर स्तन काढण्याची शस्त्रक्रिया झाली. घरी जाताना त्यांना अगदी साध्या गोष्टी सांगणारे कुणी नव्हते. हात कधी हलवायचा, कपडे कसे घालायचे, नवऱ्याशी काय बोलायचे? यातून त्यांनी ‘रीच टू रिकव्हरी’ हा उपक्रम सुरू केला. ज्यांची शस्त्रक्रिया आधी झाली आहे अशा स्त्रिया नव्या रुग्णाला रुग्णालयात जाऊन भेटायच्या. सोबत हाताच्या व्यायामासाठी रबरी चेंडू आणि दोरी असायची, ब्लाउजमध्ये ठेवायला तात्पुरता कृत्रिम स्तन असायचा. चांगले कपडे घालून, ताठ चालत, हात वर करून दाखवणारी बाई समोर उभी राहिली की रुग्णाला जो धीर येई, तो डॉक्टरांच्या शब्दांनी येत नसे.

सुरुवातीला रुग्णालयांना ही लुडबुड वाटली. पुढे १९६९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने हा उपक्रम आपल्यात सामावून घेतला आणि तो अनेक देशांत पोहोचला. पण त्याला एक अट होती. स्वयंसेविकेने सर्जनच्या परवानगीनेच भेटायचे आणि उपचारांविषयी बोलायचे नाही. धीर द्यायचा, प्रश्न विचारायचा नाही.

रोझ कुशनर वाचनालयात गेल्या

ही रेषा ओलांडली रोझ कुशनर यांनी. त्या मेरीलँड राज्यात राहणाऱ्या पत्रकार होत्या. १९७४ च्या जूनमध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यांना स्वतःच्या स्तनात गाठ लागली. डॉक्टरकडे जाण्याबरोबरच त्या वाचनालयातही गेल्या. त्यांच्या घरापासून जवळच बेथेस्डा येथे अमेरिकेचे राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालय आहे. तिथे बसून त्यांनी शोधनिबंध वाचायला सुरुवात केली.

त्यांना दोन गोष्टी दिसल्या. एक, युरोपात अनेक ठिकाणी छातीचे स्नायू ठेवून लहान शस्त्रक्रिया होत होत्या आणि तिथल्या रुग्ण काही लवकर मरत नव्हत्या. दोन, गाठीची तपासणी आणि मोठी शस्त्रक्रिया यांत काही दिवसांचे अंतर राहिले तर कर्करोग पसरतो, या समजुतीला भक्कम आधार नव्हता.

मग त्यांनी ठरवले, की आधी फक्त गाठ काढून तपासायची आणि रिपोर्ट हातात आल्यावर पुढचे ठरवायचे. ऐकायला किती साधी मागणी! पण एकामागून एक सर्जनांनी तिला नकार दिला. अखेर तयार होणारा सर्जन सापडला. कर्करोग निघाला. पुढची शस्त्रक्रिया त्यांनी बफेलो येथील रोझवेल पार्क संस्थेत करून घेतली. स्तन गेला, पण छातीचे स्नायू शाबूत राहिले.

बऱ्या झाल्यावर त्यांनी हा सगळा शोध लिहून काढला. १९७५ मध्ये त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्याच सुमारास त्यांनी घराजवळच एक सल्ला केंद्र सुरू केले. तिथे देशभरातून स्त्रियांची पत्रे आणि फोन येऊ लागले.

व्हाइट हाउसला केलेला फोन

सप्टेंबर १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांच्या स्तनात गाठ आढळली. २८ सप्टेंबरला बेथेस्डाच्या नौदल रुग्णालयात शस्त्रक्रिया ठरली, तीही एकाच भुलेत तपासणी आणि उपचार अशी. कुशनर यांनी आदल्या रात्री व्हाइट हाउसला फोन केला आणि हे दोन टप्प्यांत करा, असा निरोप देण्याचा प्रयत्न केला. राष्ट्राध्यक्षांचा निर्णय झाला आहे, असे उत्तर त्यांना मिळाले. स्तन बेटीबाईंचा आणि निर्णय यजमानांचा!

बेटी फोर्ड यांनी मात्र एक मोठे काम केले. त्यांनी आजार लपवला नाही. रुग्णालयातले त्यांचे फोटो वर्तमानपत्रांत आले. त्यानंतर अमेरिकेत हजारो स्त्रिया तपासणीसाठी रांगा लावू लागल्या आणि त्या काळात स्तनाच्या कर्करोगाच्या नोंदीही अचानक वाढल्या. आजार वाढला नव्हता, तो सापडू लागला होता.

त्यांच्या शस्त्रक्रियेनंतर दोनच दिवसांनी, ३० सप्टेंबरला, बेथेस्डामध्येच एक वैद्यकीय परिषद झाली. तिथे डॉ. बर्नार्ड फिशर यांनी आपल्या चाचणीचे सुरुवातीचे आकडे मांडले. मोठी शस्त्रक्रिया आणि लहान शस्त्रक्रिया यांत जगण्याच्या बाबतीत फरक दिसत नव्हता.

पुरावा आणि आग्रह

फिशर हे पिट्सबर्गचे सर्जन. कर्करोग पायरीपायरीने पसरतो हे त्यांना मान्य नव्हते. त्यांचे म्हणणे असे, की काही पेशी सुरुवातीलाच रक्तातून शरीरात गेलेल्या असू शकतात. तसे असेल तर छाती कितीही खरवडली तरी उपयोग नाही. हे सिद्ध करण्याचा एकच प्रामाणिक मार्ग होता. रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करायची, एका गटावर मोठी आणि दुसऱ्यावर लहान शस्त्रक्रिया करायची आणि वर्षानुवर्षे लक्ष ठेवायचे.

१९७१ मध्ये सुरू झालेल्या चाचणीत १,६६५ स्त्रिया होत्या. पंचवीस वर्षांनंतरही हालस्टेड पद्धतीचा वेगळा फायदा दिसला नाही. १९७६ मध्ये त्यांनी पुढचा प्रश्न घेतला. स्तन काढायलाच हवा का? १,८५१ स्त्रियांची वीस वर्षांची माहिती २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. पूर्ण स्तन काढलेल्या आणि फक्त गाठ काढलेल्या स्त्रिया सारख्याच प्रमाणात जगल्या. मात्र फक्त गाठ काढून किरणोपचार, म्हणजे रेडिएशन, दिले नाही तर त्याच स्तनात कर्करोग परत येण्याचे प्रमाण ३९ टक्के होते. रेडिएशन दिल्यावर ते १४ टक्क्यांवर आले. इटलीत मिलान येथे उम्बेर्तो व्हेरोनेसी यांच्या ७०१ स्त्रियांवरच्या चाचणीतही स्तन वाचवल्याने आयुष्य घटत नाही, असेच दिसले.

‘स्तन वाचवला तर रेडिएशन घ्यावेच लागेल का?’ असे आजही बऱ्याच जणी विचारतात. डॉक्टर त्यावर ठाम का असतात, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

या चाचण्यांना रुग्ण मिळणे सुरुवातीला फार अवघड गेले, कारण बऱ्याच सर्जनांना हा प्रश्नच मान्य नव्हता. इथे स्वयंसेवकांचे महत्त्व कळते. कुशनर यांच्या प्रश्नाला उत्तर फक्त चाचणीच देऊ शकत होती. पण प्रश्न जाहीरपणे विचारला गेला नसता, तर ते उत्तर शोधनिबंधात पडून राहिले असते.

जून १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञांची एक समिती बसवली. त्या समितीत वैद्यकीय क्षेत्राबाहेरच्या एकमेव सदस्य रोझ कुशनर होत्या. सुरुवातीच्या टप्प्यातल्या बहुतेक रुग्णांना हालस्टेड शस्त्रक्रियेची गरज नाही, आणि गाठीची तपासणी व मुख्य शस्त्रक्रिया या शक्यतो वेगळ्या वेळी कराव्यात, अशी शिफारस समितीने केली. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्स राज्याने रुग्णाला उपचारांच्या सगळ्या योग्य पर्यायांची माहिती मिळण्याचा हक्क कायद्याने दिला. पुढे इतर अनेक राज्यांनी असे कायदे केले.

कुशनर १९९० च्या जानेवारीत त्याच आजाराने गेल्या. ज्या दोन टप्प्यांच्या पद्धतीसाठी त्या झगडल्या, ती तोवर अमेरिकेत रुळली होती.

पत्रे, पैसा आणि बैठकीतली खुर्ची

१९८० च्या दशकात एड्सच्या रुग्णांनी अमेरिकेत जोरदार आंदोलन केले. औषधांच्या चाचण्या, मंजुरी, संशोधनाचा पैसा, सगळ्यांत त्यांनी आपले म्हणणे मांडले. स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांनी ते पाहिले. १९९१ मध्ये अनेक लहान गट एकत्र येऊन ‘नॅशनल ब्रेस्ट कॅन्सर कोअलिशन’ ही संघटना झाली. तिच्या पहिल्या मोहिमेत १,७५,००० पत्रे जमवायचे ठरले होते, कारण त्या वर्षी तेवढ्या स्त्रियांना हा आजार होईल असा अंदाज होता. प्रत्यक्षात सहा लाखांहून जास्त पत्रे आली.

पुढचे पाऊल हुशारीचे होते. ‘आम्हाला जास्त पैसा द्या’ एवढेच न म्हणता त्यांनी १९९२ मध्ये शास्त्रज्ञांना एकत्र बोलावले आणि विचारले, की खरोखर उपयोगी संशोधनाला आणखी किती पैसा लागेल? उत्तर आले ३० कोटी डॉलर. मग तोच आकडा घेऊन त्या खासदारांकडे गेल्या. तेव्हाच्या नियमांनुसार संरक्षण खात्याचा पैसा आरोग्याकडे वळवता येत नव्हता. तेव्हा संरक्षण खात्याच्याच अंदाजपत्रकात स्तनाच्या कर्करोगाच्या संशोधनासाठी २१ कोटी डॉलर ठेवले गेले. सैन्याच्या पैशातून स्तनाच्या कर्करोगाचे संशोधन हा प्रकार विचित्र वाटतो, पण तो कार्यक्रम आजही चालू आहे.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे १९९५ पासून त्या कार्यक्रमात कोणत्या संशोधनाला पैसा द्यायचा, हे ठरवणाऱ्या समित्यांवर शास्त्रज्ञांबरोबर रुग्णांचे प्रतिनिधी बसू लागले. सामान्य बायकांना पेशी आणि जनुके काय कळणार, अशी शंका होती. संघटनेने त्यावर भाषणबाजी केली नाही. तिने त्याच वर्षी एक अभ्यासक्रम सुरू केला. त्यात स्वयंसेवकांना पेशींचे जीवशास्त्र, संख्याशास्त्र आणि शोधनिबंध कसा वाचायचा हे शिकवले जाते.

उत्साह चुकला ती गोष्ट

हा अभ्यास किती गरजेचा होता, हे दुसऱ्या एका प्रकरणाने दाखवले. मोहिमा नेहमी बरोबरच असतात असा समज होऊ नये, म्हणून ते सांगणे आवश्यक आहे.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस एक नवा उपचार गाजू लागला. केमोथेरपीचा प्रचंड डोस द्यायचा आणि त्याने नष्ट झालेली अस्थिमज्जा रुग्णाच्याच आधी काढून ठेवलेल्या पेशींनी परत भरायची. तर्क आकर्षक होता. थोड्या औषधाने थोडा फायदा होतो, तर भरपूर औषधाने भरपूर होईल! हालस्टेड यांच्या काळातला ‘जितके जास्त तितके चांगले’ हा विचार वेगळ्या रूपात परतला होता. विमा कंपन्या हा उपचार प्रायोगिक आहे म्हणून खर्च नाकारायच्या. रुग्ण न्यायालयात जायचे. १९९३ मध्ये कॅलिफोर्नियात ज्यूरीने एका विमा कंपनीला ८.९ कोटी डॉलर देण्यास सांगितले. काही राज्यांनी तर खर्च देणे सक्तीचे करणारे कायदे केले.

कंपन्या निर्दयी, रुग्ण असहाय, असे चित्र असल्याने लोकांची सहानुभूती रुग्णांच्या बाजूला असणे साहजिक होते. पण उपचार सहज मिळू लागल्यामुळे चाचणीत भाग घ्यायला कुणी तयार होईना आणि उत्तर मिळायला वर्षे लागली. १९९९ मध्ये एका परिषदेत पाच चाचण्यांचे निकाल मांडले गेले. चार चाचण्यांत फायदा नव्हता. दक्षिण आफ्रिकेतल्या पाचव्या चाचणीत मोठा फायदा होता, पण ती बनावट असल्याचे पुढच्याच वर्षी उघड झाले. तोवर हजारो स्त्रियांनी हा भयंकर त्रासाचा उपचार घेतला होता आणि काही जणी उपचारानेच दगावल्या होत्या.

‘आम्हाला उपचार हवा’ ही मागणी योग्य आहे. पण त्याआधी ‘हा उपचार खरेच काम करतो का, आणि हे कुणी, कसे तपासले?’ हा प्रश्न हवा. कुशनर यांनी तोच विचारला होता.

फितीचा रंग

गुलाबी फीत आपण सगळ्यांनी पाहिली आहे. मूळ फीत गुलाबी नव्हती, ती पीच फळाच्या रंगाची, म्हणजे फिकट नारिंगी होती. कॅलिफोर्नियाच्या शार्लट हेली या ६८ वर्षांच्या बाई घरी बसून त्या फिती बनवायच्या. सोबत एक कार्ड असायचे. कर्करोग संशोधनाच्या सरकारी पैशातला फक्त पाच टक्के भाग प्रतिबंधासाठी वापरला जातो, तो वाढवण्यासाठी ही फीत लावा, असा त्याचा आशय होता. १९९२ मध्ये एका मासिकाने आणि सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीने ही कल्पना त्यांच्याकडे मागितली. व्यापारी वापर नको म्हणून त्यांनी नकार दिला. मग वकिलांच्या सल्ल्याने रंग बदलला आणि गुलाबी फीत जगभर गेली.

फितीमुळे आजाराबद्दलचा संकोच कमी झाला, हे मान्य करायला हवे. पण मूळ कार्डावर एक नेमकी मागणी होती, ती मागे पडली. ऑक्टोबर महिन्यात गुलाबी दिवे लावणाऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवावा.

आपल्याकडे काय?

आपला प्रश्न थोडा वेगळा आहे. अमेरिकेत झगडा अति उपचारांविरुद्ध होता. आपल्याकडे मोठ्या संख्येने स्त्रिया उशिरा येतात आणि आल्यावर खर्च झेपत नाही.

खर्चाचे एक उदाहरण पाहू. काही गाठींच्या पेशींवर हर-२ नावाचे प्रथिन जास्त असते. त्यावर ट्रास्टुझुमॅब हे औषध चांगले काम करते. अमेरिकेत १९९८ मध्ये ते मंजूर झाले. आपल्याकडे ते सामान्य घराच्या आवाक्याबाहेर होते. २०१२ च्या अखेरीस रुग्ण, महिला संघटना आणि आरोग्य कार्यकर्त्यांनी हे औषध परवडणाऱ्या दरात मिळावे यासाठी मोहीम सुरू केली. कल्याणी मेनन-सेन या तिच्या प्रमुख कार्यकर्त्या. २०१३ मध्ये मूळ कंपनीने भारतातील पेटंट सोडले. २०१४ च्या सुरुवातीला भारतीय कंपनीचे तशाच प्रकारचे औषध बाजारात आले, मूळ औषधापेक्षा सुमारे २५ टक्के स्वस्त. तेव्हाही एका बाटलीची किंमत ५७,५०० रुपये होती, म्हणजे लढाई पूर्ण जिंकली असे नाही. पण नंतर आणखी कंपन्या आल्या आणि किमती उतरत गेल्या. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले.

उशिराच्या प्रश्नावर आपल्या महाराष्ट्रातलेच दोन दाखले आहेत. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन लोकांशी आजाराबद्दल बोलायचे. त्यानंतरच्या वर्षांत तिथे गर्भाशयमुखाचा कर्करोग आधीच्या टप्प्यात घेऊन येणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण वाढले. मोठे यंत्र नव्हते, होते ते बोलणे.

दुसरा दाखला मुंबईचा. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ मध्ये वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासले. वीस वर्षांनी, २०२१ मध्ये, निष्कर्ष आले. तपासणी झालेल्या गटात पुढच्या टप्प्यातले कर्करोग ३७ टक्के होते, दुसऱ्या गटात ४७ टक्के. पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांत या आजाराने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्के कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत मात्र मृत्यू घटलेले दिसले नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

आज सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी हाताने स्तन तपासणी व्हावी, असे धोरण आहे. ती आपल्या उपकेंद्रावर खरेच होते का, आणि गाठ सापडलेली बाई पुढच्या रुग्णालयात पोहोचते का, हे कुणीतरी विचारायला हवे.

तुम्हाला काही करायचे असेल तर

उपचार पूर्ण झाल्यावर ‘डॉक्टर, मला आता दुसऱ्यांसाठी काही करायचे आहे’ असे म्हणणाऱ्या स्त्रिया मला दवाखान्यात भेटतात. कधी त्यांचे पती किंवा मुलीही विचारतात. वरच्या इतिहासातून माझ्या मते एवढे घेता येईल.

• दोन तासांची सोबत द्या. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी किंवा केमोच्या खुर्चीशेजारी बसणे हे टेरीस लासर यांचे काम आजही तितकेच लागते. स्वतःचा अनुभव सांगा, पण ‘मला हे औषध लागू पडले, तूही तेच घे’ असे सांगू नका. प्रत्येक गाठीचा प्रकार वेगळा असतो.

• ‘दुखत नाही म्हणून दाखवले नाही’ हे वाक्य मी फार वेळा ऐकतो. स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. एवढी एक गोष्ट महिला बचत गटात, भिशीत, हळदीकुंकवाला सांगितली तरी ते मोठे काम आहे. गाठ, कातडीला खळी, बोंड आत ओढले जाणे, बोंडातून रक्त किंवा स्राव, काखेत गाठ, यांपैकी काहीही असेल तर आठवड्याभरात डॉक्टरांना दाखवायचे.

• रुग्णाला प्रश्न लिहून द्यायला शिकवा. शस्त्रक्रियेआधी सुईची बायोप्सी झाली का? आजार कोणत्या टप्प्यात आहे? हार्मोन रिसेप्टर आणि हर-२ चा रिपोर्ट काय आहे? स्तन वाचवता येईल का, नसेल तर का? पूर्ण उपचाराला किती वेळ आणि पैसा लागेल? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत यातले काय बसते? चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही.

• मागणी करायची तर नेमकी करा. ‘जागृती झाली पाहिजे’ यापेक्षा ‘आपल्या तालुक्यात बायोप्सीचा रिपोर्ट किती दिवसांत मिळतो, आणि तो लवकर मिळण्यासाठी काय लागेल?’ हा प्रश्न अधिक उपयोगाचा.

• आणि कोणत्याही नव्या उपचाराचा प्रचार करण्याआधी, मग तो महागडे इंजेक्शन असो की व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला काढा, पुरावा विचारा. समजत नसेल तर आपल्या डॉक्टरांकडून समजून घ्या. त्यासाठी पदवी लागत नाही. रोझ कुशनर यांच्याकडेही नव्हती.

तुमच्या ओळखीत कुणाला गाठ लागली असेल आणि ती दाखवायला टाळाटाळ करत असेल, तर हा लेख तिला पाठवण्यापेक्षा उद्या तिच्याबरोबर दवाखान्यात जा. स्वयंसेवेची सुरुवात तिथूनही होते.